सिंथचा ट्रॅक आधीच तयार असतो, मग माझे शब्द त्यात शिरणार कुठून?

दुसरं_कडवं

गेलं वर्षभर मी आणि माझा एक मित्र मिळून गाणी करतोय. शब्द आणि गळ्याची चाल माझी, बाकी सगळं त्याचं. ऐंशीच्या दशकातला सिंथ-पॉप (सिंथेसायझरवरचं पॉप) दोघांचाही जीव की प्राण, त्यामुळे काय करायचं यावर कधी वाद झाला नाही. त्याचे ट्रॅक खरोखर सुंदर असतात. ज्यूनो-६० सिंथच्या धर्तीचा पसरलेला पॅड (मागे धरून ठेवलेले सूर), लिनड्रम या ड्रम मशीनचा स्नेअर आणि त्यामागे उमलता उमलता कापल्यासारखा थांबणारा रिव्हर्ब (घुमारा). मला फाइल येते तेव्हा तिच्यात सगळं असतं, अगदी शेवटचा फेड-आउटसुद्धा.

आणि तिथेच माझं घोडं पेंड खातं. मी हेडफोन लावते, दोन-तीन रात्री लिहिते, गाऊन पाठवते. ऐकताना दोघांनाही कळतं की शब्द वरून चिकटवल्यासारखे वाटतायत. सात ट्रॅक झाले, सातांवर शब्द झाले, गाणं एकही नाही. काल सगळे शब्द एकत्र काढून वाचले तर सातांपैकी पाच ठिकाणी निऑन आहे, चार ठिकाणी कॅसेट आहे आणि रात्रीचा ओला रस्ता तर सगळीकडेच.

मित्र म्हणतो, शब्द चांगले आहेत, ट्रॅकही चांगला आहे, वेळ दे. मला वाटतं वेळ देऊन हे सुटणार नाही. तुमच्यापैकी कोणी जोडीने गाणी करतं का? तुमच्यात आधी काय येतं?

षड्ज_पंचम

वाखू (वाचनखूण) साठवली. एकच विचारतो: सातांपैकी एक तरी गाणं नुसत्या पियानोवर किंवा गिटारवर, एका दमात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऊन बघितलंय का?

दुसरं_कडवं

@षड्ज_पंचम, नाही. आज तुमचं वाचून एक गायला बसले. पहिलं कडवं आणि ध्रुवपद यांची चाल जवळजवळ एकच निघाली! ट्रॅकमध्ये ध्रुवपदाला ड्रम आणि ब्रास येतात म्हणून फरक वाटत होता.

कॅसेटची_बी_बाजू

ताई, तुमच्या या दुसऱ्या प्रतिसादात अर्धं उत्तर आलंच आहे. तरी सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः ट्रॅक करणारा आहे आणि तुमच्या मित्राच्या बाजूने हे मला आतून माहीत आहे.

रेट्रोमध्ये नाद फार लवकर येतो. यामाहाच्या डीएक्स७वरचा तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो वाजला की ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं. ते मी हलवलेलं नसतं. १९८३ मध्ये तो कीबोर्ड बाजारात आल्यापासून त्या आवाजावर झालेल्या गाण्यांनी ते काम आधीच करून ठेवलेलं असतं. मला मात्र वाटतं की माझ्या ट्रॅकमध्ये भाव आला. भाव असतो, पण उसना. मग शब्द लिहिणाऱ्याला आत जायला जागाच उरत नाही, कारण भावना सांगून झालेली आहे. तुम्ही निऑन आणि कॅसेट लिहिता ते त्यामुळेच. ट्रॅक जे बोलतोय तेच तुम्ही पुन्हा बोलताय.

ज्यांचा नाद आपण घेतो त्यांना तो जुना नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. तो कापलेला रिव्हर्ब पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या अल्बमच्या वेळी सापडला. फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता, स्टुडिओत आत-बाहेर बोलण्यासाठी टांगलेला माइक चालू होता आणि त्यातून आलेला चिरडल्यासारखा आवाज ऐकून ह्यू पॅजम या इंजिनिअरने तो मुद्दाम वापरायचं ठरवलं. त्या खोलीत ते नवं होतं.

याहून बोलकं उदाहरण ‘आय फील लव्ह’चं. डॉना समर, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या तिघांचं १९७७ चं गाणं. ज्या अल्बममध्ये ते आहे त्याची कल्पनाच अशी होती की गाण्यांत वेगवेगळ्या काळांचा बाज घ्यायचा आणि शेवटचं गाणं भविष्यातलं करायचं. ते भविष्यातलं गाणं हेच. मूग सिंथेसायझरवर जवळजवळ सगळं उभं केलेलं. आज आपण ‘रेट्रो’ म्हणून जे उचलतो ते त्या तिघांच्या अल्बममधलं भविष्याचं म्हणून केलेलं गाणं आहे. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस काही वाजवू शकलो नव्हतो.

आता उपाय. अमेरिकेतल्या ‘द पोस्टल सर्व्हिस’ या जोडीचा २००३ चा अल्बम तुम्ही ऐकला असेल. जिमी टॅम्बोरेलो एका शहरात इलेक्ट्रॉनिक ट्रॅक करायचा, टपालाने पाठवायचा आणि दुसऱ्या शहरातला बेन गिबार्ड त्यावर शब्द-चाल करायचा. जोडीचं नाव त्या टपालावरूनच पडलं. तुमचीच पद्धत आहे ही! फरक एवढाच की गिबार्ड आलेल्या ट्रॅकला हात लावायचा. हवं तिथे कापायचा, भाग पुढे-मागे करायचा, त्यात वाद्यं भरायचा आणि परत पाठवायचा. तुमच्या मित्राने तुम्हाला तशी मोकळीक दिली आहे का? आणि दिली असेल तर तुम्ही ती घेता का?

दुसरं_कडवं

@कॅसेटची_बी_बाजू, त्याने कधी नको म्हटलं नाही. मीच कधी हात लावला नाही. मला फाइल एकच येते, स्टिरिओ, सगळी वाद्यं एकत्र मिसळलेली. सुटे ट्रॅक मी कधी मागितलेच नाहीत, कारण ते पूर्ण झालेलं असतं असं मी धरूनच चालते.

बेस_आणि_किक

थोडा असहमत. पियानोवर उभं राहिलं तरच गाणं, हा नियम सगळ्या प्रकारांना लावू नका. डिस्को आणि फंकमध्ये ग्रूव्ह (ठेका आणि बेस यांची फिरती वीण) हीच रचना असते. शीक या बँडचं ‘गुड टाइम्स’ घ्या, १९७९ चं. बर्नार्ड एडवर्ड्सची बेस लाइन काढून टाकली आणि उरलेलं पियानोवर वाजवलं तर हाती काय राहील? नाईल रॉजर्सची गिटार आणि ती बेस लाइन एकमेकांच्या फटींत बसतात, आणि ते बसणं म्हणजेच गाणं. ट्रॅक आधी आणि गळ्याची चाल नंतर, हा आजच्या पॉपचा राजमार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही.

डाफ्ट पंकच्या ‘गेट लकी’त (२०१३) सुरुवातीपासून शेवटपर्यंत चारच कॉर्ड फिरत राहतात. घरी आल्यासारखं कुठेच वाटत नाही आणि म्हणूनच ते संपू नये असं वाटतं.

कॅसेटची_बी_बाजू

@बेस_आणि_किक, शीकबद्दल शंभर टक्के मान्य. मी ‘पियानोवर’ म्हटलं नव्हतं, षड्ज_पंचम यांनी म्हटलं, पण मुद्दा मलाही लागू आहे.

फक्त तुम्ही ‘गेट लकी’ काढलंत म्हणून सांगतो. रॉजर्सला ते ऐकवलं तेव्हा त्याने ड्रम सोडून बाकी सगळं बंद करायला सांगितलं. मग मोकळ्या जागेत तो वाजवत बसला आणि त्याच्या गिटारला जुळावी म्हणून बेस नंतर पुन्हा वाजवली गेली. म्हणजे नंतर आलेल्या माणसासाठी आधीचं हललं. माझं म्हणणं तेवढंच आहे.

बेस_आणि_किक

हे पटलं. असंच असेल तर मी पियानोऐवजी असं म्हणेन: गाणारीला फक्त ड्रम आणि बेस पाठवा. पॅड, ब्रास, चमचमणारे अर्पेजिओ (कॉर्डचे एकामागोमाग वाजणारे सुटे सूर) सगळे म्यूट. ज्या दिवशी तिची चाल पक्की होईल त्या दिवशी एकेक उघडा. अर्धे उघडायची गरजच पडणार नाही.

षड्ज_पंचम

+१. माझा पियानो मागे घेतला नाही तरी हे जास्त चांगलं.

मात्रा_मोजणारी

सगळे ट्रॅकबद्दल बोलताय, थोडं शब्दांबद्दल. दुसरं_कडवं, तुझ्या सात ध्रुवपदांच्या शेवटच्या ओळी इथे टाकशील का? शेवटचा शब्द दिला तरी चालेल.

दुसरं_कडवं

क्रमाने: परत, रात्र, हरवलेलं गाव, स्पंदन, दूर, थांब, परत (पुन्हा!).

मात्रा_मोजणारी

वाटलंच होतं. ऐंशीच्या पॉपचं ध्रुवपद वर जातं आणि शेवटच्या सुरावर थांबतं, कधी दोन-दोन बार (आवर्तनं). तिथे तू ‘परत’ ठेवलंस. मराठीत त्यातला शेवटचा ‘त’ पाय मोडल्यासारखाच उच्चारला जातो. तो धरून ठेवता येत नाही. मग एक तर ‘पर’वर लांबवून शेवटी ‘त’ टाकावा लागतो किंवा ‘परता’ असं काहीतरी होतं, आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला खडा लागतो. तोच अर्थ ‘पुन्हा’मध्ये आहे. शेवटी ‘आ’ आहे, गळा उघडतो, हवा तेवढा धर. ‘येशील का परत’ आणि ‘येशील का पुन्हा’ दोन्ही वरच्या सुरावर गाऊन बघ, मला पुढे काही सांगावं लागणार नाही. ‘थांब’ आणि ‘स्पंदन’ यांचं थोडं वेगळं आहे. म आणि न यांवर किंचित गुंजता येतं, म्हणून ‘स्पंदन’ शेवटी चालेलही, पण आधीचं ‘स्पं’ वेगवान अर्पेजिओवर पडलं तर जीभ अडखळणार. जोडाक्षरांना वेळ लागतो. त्यांना संथ जागा दे.

दुसरी गोष्ट, जोराचा ठोका कोणत्या शब्दावर येतोय ते तपास. ‘आणि’, ‘तर’, ‘ही’ असले शब्द पहिल्या ठोक्यावर आले की ओळ पोकळ वाजते. ड्रम मशीन माणसासारखी सैल होत नाही, त्यामुळे या प्रकारात हे जास्तच उघडं पडतं. तबलजी समजून घेतो, लिनड्रम नाही.

आणि चाल करताना खरे शब्द वापरू नकोस. बीटल्सच्या मॅकार्टनीला ‘यस्टरडे’ची चाल सुचली तेव्हा शब्द नव्हते, म्हणून तो कितीतरी दिवस ती ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’वर गात होता. मी ‘ना रे ना’, ‘लाजो लाजो’ असं काहीही घालते. त्यात माझा गळा आपसूक कुठे ‘आ’ मागतो, कुठे ‘ई’ मागतो ते कळतं आणि मग त्या स्वराचा शब्द शोधते. मित्रालाही तेच पाठवते. अर्थ नसला की तो शब्दांना दाद देत बसत नाही, चालीकडे बघतो.

रात्रीची_पाळी

निऑनबद्दल कोणीतरी बोलायला हवं म्हणून बोलते.

जुना बाज नादात आला की तो शब्दांत आणायची गरज नाही, उलट शब्द आजचे हवेत. गायिका रॉबिनचं ‘डान्सिंग ऑन माय ओन’ (२०१०) बघ. रॉबिन आणि पॅट्रिक बर्गर या दोघांनी लिहिलंय. खाली सिंथची एकच धडधड, वर एक बाई. जिच्यावर आपलं प्रेम आहे तो माणूस दुसरीचं चुंबन घेताना ती कोपऱ्यातून बघते आहे. त्यात काळ कुठला हे सांगणारा एक शब्द नाही. ते १९८४ मध्येही घडलं असतं, आजही घडेल. नाचाच्या ठेक्यावर रडण्याचं गाणं ही खरी त्या काळाची शिकवण आहे आणि ती वस्तूंची यादी करून मिळत नाही.

डुआ लिपाचं ‘डोन्ट स्टार्ट नाऊ’ (२०१९) तसंच. डिस्कोची बेस आहे, व्हायोलिनं आहेत, पण बोलणारी मुलगी आजची. तिच्यासह कॅरोलाइन आयलिन, एमिली वॉरन आणि इअन कर्कपॅट्रिक अशा चौघांचं ते गाणं, आणि यातल्या तिघांनीच तिचं ‘न्यू रूल्स’ही लिहिलं होतं. सारखी सारखी एकत्र बसणारी माणसं ही. खोलीत एकजण तरी ‘तू असं खरंच बोलशील का?’ असं विचारणारा असला पाहिजे. तुमच्या दोघांत हे कोण विचारतं?

दुसरं_कडवं

@रात्रीची_पाळी, कोणीच नाही. तो माझ्या शब्दांना हात लावत नाही, मी त्याच्या ट्रॅकला लावत नाही. आम्ही याला एकमेकांचा मान राखणं समजत होतो.

जुनी_तालीम

धागा छान चाललाय. मी एक कोरडी गोष्ट घालतो, पण ती घालायलाच हवी, कारण आता तुम्ही एकमेकांच्या कामात शिरणार आहात.

काही वर्षांपूर्वी मी एकाबरोबर चार गाणी केली. चाल त्याची, बेस आणि ध्रुवपदाआधीचा चढता भाग माझा. एकदाही श्रेयाविषयी बोललो नाही, कारण मैत्री होती. गाणी बाहेर आली तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून एकच नाव होतं आणि माझं नाव आभारात. मी विचारलं तर तो मनापासून म्हणाला, ‘पण गाणं तर माझंच होतं ना?’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. मला अजून ती गाणी ऐकवत नाहीत.

म्हणून ज्या संध्याकाळी गाण्याची चाल ठरेल त्याच संध्याकाळी वाटे लिहून काढा. एका कागदावर तारीख, गाण्याचं नाव, कोणाचे किती टक्के, दोघांच्या सह्या. रचना वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं, हे दोन हक्क स्वतंत्र आहेत, तेव्हा दोन्ही लिहा. ट्रॅक करणाऱ्याची मेहनत रेकॉर्डिंगमध्ये असतेच, पण त्याने कॉर्ड आणि धून दिली असेल तर तो रचनेतही येतो. नुसती गाण्याची ठिणगी टाकली म्हणून मात्र वाटा आपोआप मिळत नाही. गायिका एमी वाइनहाउस आणि तिचा निर्माता मार्क रॉन्सन रस्त्याने चालत असताना ती घरच्यांनी व्यसनमुक्तीसाठी जायला सांगितल्याचं बोलली, त्याला ते ऐकूनच गाणं दिसलं आणि त्याने तिला लिहायला सांगितलं. ‘रिहॅब’ (२००६) असं झालं, पण रचनाकार म्हणून नाव एकट्या एमीचं आहे. त्याच अल्बमचं शीर्षकगीत मात्र दोघांच्या नावावर आहे. हे दोघांनाही मान्य होतं म्हणून निभलं.

रेट्रोवाल्यांनी आणखी एक तिसरा वाटेकरी लक्षात ठेवायचा: ज्याच्यावरून घेतलं तो. रॉन्सन आणि ब्रुनो मार्स यांचं ‘अपटाउन फंक’ २०१४ मध्ये आलं तेव्हा सहा रचनाकार होते. पुढच्या वर्षी द गॅप बँडच्या १९७९ च्या गाण्यासाठी आणखी पाच नावं जोडली, एकूण अकरा. डुआ लिपाच्या ‘ब्रेक माय हार्ट’मध्ये (२०२०) आयएनएक्सएस या बँडच्या १९८७ च्या गाण्याशी साम्य होतं, तिथे अँड्र्यू फॅरिस आणि मायकेल हचन्स यांची नावं रीतसर आहेत. आणि ‘ब्लर्ड लाइन्स’ या पॉप गाण्याचा खटला तर ठाऊक असेलच. मार्विन गे यांच्या १९७७ च्या गाण्यावरून २०१५ मध्ये ज्युरीने त्यांच्या कुटुंबाच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये अपिलातही मुख्य निकाल कायम राहिला. त्यात वाद बराचसा बाज आणि माहोल यांभोवती फिरला, म्हणून अनेक संगीतकार अस्वस्थ झाले. मलाही तो निकाल पटत नाही. बाज कोणाच्या मालकीचा नसतो. पण धून, बेस लाइन, ओळ यांची मालकी असते. संदर्भाला एकच गाणं समोर ठेवून काम कराल तर त्याची धून नकळत उतरणारच. पाच-सहा ठेवा.

बेस_आणि_किक

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. आणि संदर्भाची गाणी दोघांनी मिळून निवडा. ‘ऐंशीचं दशक’ म्हणजे एकाच्या डोक्यात १९८१ चा कोरडा, थंड सिंथ असतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात १९८७ ची भरगच्च ब्रास. दोघांना वाटतं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

कॅसेटची_बी_बाजू

अवांतर: सात गाणी झाली नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. कार्ली रे जेपसनने ‘इमोशन’ (२०१५) या अल्बमसाठी दोनशेच्या वर गाणी लिहिली होती म्हणतात. बाहेर राहिलेल्यांतली काही इतकी चांगली होती की पुढच्या वर्षी त्यांचा वेगळा संच निघाला. सात म्हणजे अजून हात बसतोय.

दुसरं_कडवं

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

हा धागा मित्राला पाठवला. दोन दिवस त्याचा काही निरोप नव्हता. तिसऱ्या दिवशी सातही गाण्यांचे सुटे ट्रॅक आले, एकेका वाद्याची वेगळी फाइल, टेम्पो आणि पट्टी नावातच लिहिलेली. सोबत एवढंच: ‘काप.’

मी तिसरं गाणं घेतलं, ज्याच्या शेवटी ‘हरवलेलं गाव’ होतं. ड्रम आणि बेस सोडून सगळं बंद केलं. निम्मा वेळ मला कसं गावं हेच कळेना, आधाराला पॅड नव्हता ना. मग मात्रा_मोजणारी यांनी सांगितल्याप्रमाणे निरर्थक शब्दांवर गात बसले आणि गळा ध्रुवपदाला सरळ वर न जाता आधी खाली उतरला. त्या जागी ट्रॅकमध्ये ब्रासची मोठी उडी होती. मी ती आठ बार कापून टाकली आणि तसंच पाठवलं. भीती वाटत होती, ती उडी त्याची फार आवडती होती. त्याने ऐकलं, म्हणाला, आता इथे कॉर्डही बदलावी लागेल, आणि बदलली. ब्रास दुसऱ्या कडव्यानंतर एकदाच येते, तीही हळू.

शब्दांचं उलट झालं. पहिल्यांदाच त्याने विचारलं, ‘गाव कोणाचं हरवलंय? तू गावाबद्दल कधी बोलत नाहीस.’ खरं होतं. गाण्यातलं गाव, ओला रस्ता, सगळं मी ट्रॅकवरून आणलेलं. माझ्या मनात त्या दिवसांत एक मैत्रीण होती, जिच्याशी भांडण न होताच बोलणं बंद झालं. आता ध्रुवपद आहे, ‘तुझा नंबर अजून पाठ आहे, बोलायचं काय ते विसरले मी’. शेवटी ‘मी’ आहे, ‘ई’ धरता येते. कॅसेट नाही. नंबर पाठ असणं थोडं जुनं आहे, पण ते माझं जुनं आहे.

वाट्यांचा कागद त्याच रात्री केला. रचनेचे निम्मे-निम्मे, रेकॉर्डिंगमध्ये त्याचे जास्त. बोलताना दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, पाच मिनिटांत संपलं. संदर्भाची गाणी काढली तर बेस_आणि_किक यांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. त्याच्या यादीत सगळं १९८३ च्या आधीचं, माझ्या यादीत सगळं नंतरचं.

काल आठव्या गाण्याची फाइल यायची होती. त्याऐवजी त्याने फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आलंय. एकोणचाळीस सेकंद, नुसता पियानो, मधे एकदा चुकून थांबलेला, आणि मागे त्याचं स्वतःचं गुणगुणणं. वर्षभरात मी त्याचा गाता आवाज पहिल्यांदा ऐकला. आत्ता तेच लावून बसले आहे.